खालून बघायचं कार्ड

कामात असताना कोणी मध्येच प्रश्न विचारला की माझं डोकं फिरायचं. हा माझा जुना दुर्गुण. घरी तो खपवून घेतला जाई, पण हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात त्याच्यासाठी चक्क एक नियम झाला होता. मी ड्रॉइंग काढून टेबलावर ठेवायचं. ज्याला शंका असेल त्यानं ती तोंडानं न विचारता ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायची. मी सवडीनं त्याच कोपऱ्यात उत्तर लिहायचं, आणि ते वाचल्याशिवाय पुढच्या माणसानं काम सुरू करायचं नाही. नियम कुठं टांगलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. माझा आरडाओरडा ऐकण्यापेक्षा दोन शब्द लिहिलेले बरे, असं सगळ्यांना वाटायचं.

त्या कोपऱ्यात मी एकदा एक शब्द लिहिला. तो लिहून आता इतकी वर्षं झाली, पण अजून तो मनातून खोडता आलेला नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छताच्या तीन खोल्या. एकीत मालक बसायचे, एकीत आम्ही सहासात जण सोल्डरिंग आणि जुळणी करायचो, आणि तिसरीत आम्लाचे टब होते. शेजारच्या मोठ्या कारखान्याची बस शिफ्ट सोडायला आली की आमच्याकडची माणसं गयावया करून तिच्यात चढायची. मी माझ्या स्कूटरवर धरमपेठेतून यायचो. मी मूळचा रेडिओवाला. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टरचे. डिप्लोमा केला होता, पण खरी विद्या दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून मिळवलेली. नागपुरात त्या वेळी माझ्यासारखी बिनतारीची कामं करणारी माणसं फार नव्हती आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे.

उमरेडजवळच्या एका कोळसा खाणीचं काम आमच्याकडं आलं होतं. उघडी खाण, म्हणजे जमिनीत केलेला अवाढव्य खड्डा. त्यात साठणारं पाणी उपसायला तळाशी पंप बसवलेले. पंप बंद पडला तर वर ऑफिसात कळायला हवं, म्हणून खाणवाले तार टाकायचे आणि त्यांचीच यंत्रं ती उखडून टाकायची. मग मी त्यांना बिनतारी पेटी करून दिली. पंपाजवळची पेटी संदेश सोडणार, ऑफिसातली पेटी तो ऐकून दिवा लावणार. एका पंपासाठी ते झकास चाललं. पण पुढं खाणवाल्यांना सगळेच पंप एकाच पेटीवर दिसायला हवे होते. कोणता पंप बोलतोय हे सांगायला आणि ओळखायला प्रत्येक पेटीला थोडी अक्कल लागणार होती.

ती अक्कल म्हणजे चाळीस पायांची एक चिप. बोटाएवढी लांब, वर काचेची इवलीशी खिडकी. आत हुकूम भरून ठेवले की ती ऐकते, ओळखते आणि ठरवते. अशी चिप मी तोवर हातात धरली नव्हती. मालकांनी मुंबईच्या बाजारातून ओळखीनं सुरुवातीला सहा मागवल्या, आणि त्या काळ्या स्पंजात पाय रुतवून आल्या तेव्हा सगळे बघायला जमले. मी कोणाला हात लावू दिला नाही. रेडिओचा भाग जुनाच ठेवायचा आणि या चिपसाठी नवं कार्ड करायचं, असं ठरलं. कार्ड म्हणजे एका अंगाला तांब्याचा पातळ पत्रा असलेली पाटी. हवं तेवढं तांबं राखून बाकीचं आम्लात विरघळवायचं, की तारांऐवजी तांब्याच्या वाटा उरतात. सुटे भाग वरून बसवायचे, त्यांचे पाय भोकांतून खाली काढायचे आणि खालच्या तांब्याला सोल्डर करायचे.

या वाटा आखण्याचं काम आमच्याकडं एक मुलगी करायची. उमरेडच्या विणकर घरातली, तेवीस-चोवीस वर्षांची. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. नागपुरात तांडापेठेत मामाकडं राहायची आणि दोन बसा बदलून हिंगण्याला पोचायची. वडिलांच्या मागाला काम उरलं नव्हतं, धाकटी भावंडं शिकत होती. मालकांनी तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. हे खाणीचं कार्ड नीट झालं की कायम करतो, असा शब्द त्यांनी तिला सर्वांसमोर दिला होता. त्यामुळं ती त्या कार्डाकडं कशी बघत होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

काम किचकट. खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेवर माझं ड्रॉइंग पसरायचं, त्यावर प्लास्टिकचा पारदर्शक ताव, आणि तावावर काळी बारीक टेप चिकटवत एकेक वाट काढायची. भोकाच्या जागी काळ्या टिकल्या. सगळं दुप्पट मापात, कारण नंतर सीताबर्डीचा लग्नपत्रिकांचे ब्लॉक करणारा कारागीर त्याचा फोटो काढून निम्म्यावर आणायचा. टेप ओढून लावली की दुसऱ्या दिवशी आक्रसते आणि वळणावर सुटते. तिच्या आधीच्या दोन पोरांनी याच पायी माझी बोलणी खाल्ली होती. तिनं पहिल्याच दिवशी टेप सैल सोडून लावली. मी विचारलं, हे कुठं शिकलात? तर म्हणाली, "ताणलेला धागा परत जागेवर येतेच ना जी." तिचा हात चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता, असं आज लिहितो. तेव्हा मी नुसतं "हं" म्हणालो होतो.

आता माझी चूक. ती समजायला अवघड नाही, पण ती माझ्यासारख्या जुन्या रेडिओवाल्यानंच करावी अशी होती. व्हॉल्व्ह काय किंवा धातूच्या डबीतला ट्रान्झिस्टर काय, त्याच्या पायांचं चित्र पुस्तकात नेहमी खालून बघितलेलं असायचं, कारण दुरुस्ती करणारा माणूस यंत्र पालथं घालूनच बघतो. वीस वर्षं माझ्या डोळ्यांना तीच सवय. पुस्तकातलं चित्र दिसलं की ते खालचं, म्हणजे तांब्याच्या बाजूचं, हे मी गृहीत धरायचो. चिपांच्या पुस्तकात मात्र चित्र वरून बघितलेलं असतं. पुस्तकात तसं छापलेलंही होतं. मी वाचलं नाही. चित्र होतं तसं उचललं, त्याच्याभोवती सगळं ड्रॉइंग मांडलं आणि तांब्याच्या बाजूचं समजून टेबलावर ठेवलं.

दुपारी ती ड्रॉइंग घेऊन माझ्यापाशी आली. मी चिपमध्ये हुकूम भरत बसलो होतो, एकेक आकडा दाबत. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

"सर, एक विचारू का?"

"काय आहे?"

"हे चित्र वरून पाह्यलेलं आहे का खालून?" मी मान वर केली नाही, तरी ती बोलत राहिली. "म्हणजे आमचे बाबा काठ विणतात ना, तवा काठाची सुलटी बाजू खाली राह्यते. वरून विणताना उलटंच दिसते. म्हणून मागाखाली आरसा ठेवून पाहतात. ह्या कार्डाचं बी तांबं खालीच राहीन ना? मंग मले वाटलं, हे चित्र पलटवून तर नाही लावायचं?"

माझा आकडा चुकला होता. मी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाई, इथं लुगडी विणत नाहीत. शंका असेल तर कोपऱ्यात लिहा. नियम माहीत आहे का नाही?"

सगळे हसले. तीही ओशाळं हसली. जागेवर जाऊन तिनं कोपऱ्यात बारीक, सुबक अक्षरात लिहिलं: 'चित्र वरून की खालून?'

तो शनिवार होता. मालक म्हणाले, एवढं महत्त्वाचं कार्ड आहे, एकदा ड्रॉइंग घरी नेऊन निवांत तपासा. मी ते गुंडाळी करून स्कूटरवरून घरी नेलं आणि कपाटावर ठेवलं. रविवारी सासुरवाडीचे लोक आले, सावजीकडून मटण आणलं, दुपारभर झोप काढली. गुंडाळी मी सोडलीसुद्धा नाही. सोमवारी तशीच तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "बघून झालं. घ्या लावायला."

तिनं ड्रॉइंग काचेवर पसरलं आणि हलू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर रुंद खाकी चिकटपट्टी मारली. प्रश्नाचा कोपराही तिच्याखाली झाकला गेला. मी बघून झालं म्हणालो, म्हणजे आता शंकेला जागा नाही, असं तिनं धरलं असणार. चार दिवस ती मान मोडून बसली. चाळीस पायांच्या दाटीतून तिनं वाटा अशा काढल्या की एक वाट दुसरीला कुठं खेटली नाही. मालक काचेपाशी उभे राहून म्हणाले, "वा! रांगोळीच काढली बाईनं." मग मला म्हणाले, "आधी नमुन्याले एक काढून पाहाचं का?"

"गरज नाही," मी म्हणालो. "एकदम पंचवीस काढू."

तर पंचवीस कार्डं निघाली. सीताबर्डीहून फिल्म आली, छपाई झाली, आम्लाच्या टबात कार्डं हलवून हलवून आमच्या माणसाची बोटं पिवळी झाली, भोकं पडली. पहिलं कार्ड मी स्वतः जुळवलं, चिपचे पाय खोचायची बैठक, म्हणजे सॉकेट, वरून बसवून सोल्डर केलं. मालक त्या दिवशी खाणीवर गेले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. मला त्यांना चालू पेटी दाखवायची होती.

वीज दिली. काहीच झालं नाही. चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला. मी म्हणालो, चिपच खराब आली. मुंबईवाल्यांना शिव्या दिल्या आणि दुसरी चिप बसवली. दुसरीही तापली आणि गेली. सहातल्या दोन गेल्या. दुसरी तर मी निव्वळ रागापायी जाळली, नाहीतर आधी पुस्तक उघडलं असतं. मग उघडलं. चित्राखालची ओळ वाचली: वरून पाहिल्याप्रमाणे.

जेवणाची सुट्टी झाली होती. सगळे डबे घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसले होते. मी ड्रॉइंगचा खण उघडला. काम झाल्यावर चिकटपट्ट्या काढून ड्रॉइंग तिथं ठेवलेलं असायचं. कोपऱ्यात तिचा प्रश्न होता, आणि त्याच्याखाली कोरी जागा.

मला त्या क्षणी काय वाटलं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मी घाबरलो होतो, असं म्हणायला सोपं आहे. पण घाबरण्यासारखं होतं काय? माझी नोकरी जाणार नव्हती. माझ्यासारखा दुसरा माणूस मालकांना मिळणार नव्हता. फार तर ते चारचौघांत बोलले असते आणि मला मान खाली घालावी लागली असती. बस, एवढंच. ज्या खोलीत मी लुगड्यावरून तिचं हसं केलं होतं, त्याच खोलीत ती बरोबर होती आणि मी चुकलो होतो, हे कळलं असतं. तेवढं मला सोसवेना.

माझी पेन्सिल मी शोधून काढली. ती जरा कडक शिशाची असायची आणि माझं अक्षर तिच्यामुळं फिकट उमटायचं. तिच्या प्रश्नाखाली मी लिहिलं: 'वरून.' खाली नेहमीसारखी तिरकी रेघ ओढली. बाहेरून त्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या. कोणीतरी ठेच्यावरून चिडवत होतं आणि ती हसत होती.

त्या एका शब्दानं सगळं फिरलं. चित्र वरून बघितलेलं म्हटल्यावर माझं ड्रॉइंग बरोबर ठरलं. मग ते पलटवून टेप लावायला हवी होती, आणि ती न लावणारी ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले. माणूस तापट नव्हता, पण काटेकोर होता. त्यांनी जळालेल्या चिपा पाहिल्या, कार्ड पाहिलं आणि म्हणाले, "ड्रॉइंग आणा." तिनंच खणातून काढून आणून दिलं. त्यांनी कोपरा वाचला.

"हा प्रश्न कोणाचा?"

"माझा," ती म्हणाली.

"अन् उत्तर?"

"माझं," मी म्हणालो.

"कधी लिहिलं होतं तुम्ही?"

"शनिवारी घरी नेलं होतं ना, तेव्हा."

मालकांनी ड्रॉइंग तिच्यापुढं सरकवलं. ती वाकून बघत राहिली. मला वाटलं, आता ही म्हणेल की हे इथं नव्हतं. म्हणावं, असंही वाटत होतं. खोटं वाटेल, पण तिनं नुसतं म्हटलं असतं तरी मी कबूल झालो असतो, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो. तिनं तसं म्हटलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे मी पाह्यलंच नाही जी," ती म्हणाली. "सर म्हणाले बघून झालं, तं मी कोपऱ्यावर पट्टी मारून टाकली. वाचलंच नाही."

"तुम्हाले शंका आली होती?"

"हो जी."

"मंग विचारलं अन् उत्तर नाही पाह्यलं? काहून?"

तिनं टेबलावरचं कार्ड उचलून पालथं केलं. मग ती म्हणाली, "साहेब, चिपचं सॉकेट खालून, तांब्याच्या बाजूनं बसवलं तर? मंग उलटं सुलटं होऊन जाईन. कार्डं वाया नाही जाणार." कोणी लक्ष दिलं नाही. मालक माझ्याशी खाणवाल्यांना काय सांगायचं ते बोलत होते.

तिचे सहा महिने त्याच महिन्यात भरत होते. मालकांनी तिला बोलावून सांगितलं, की चुका सगळ्यांच्या होतात, पण विचारून उत्तर न पाहणाऱ्या माणसावर मी कार्ड सोडू शकत नाही. त्यांच्या जागी ते बरोबर होते. शेवटच्या दिवशी तिनं काच पुसली, टेपची रिळं मापाप्रमाणं लावून ठेवली, उरलेल्या टिकल्या डबीत भरल्या. सगळ्यांचा निरोप घेत माझ्या टेबलापाशी आली. मी चिपमध्ये आकडे भरत होतो. "येते सर," ती म्हणाली. मी मान हलवली. त्या वेळी मी आकडे भरत नव्हतो, नुसती बटणं दाबत होतो.

आठवड्यानं मी सॉकेट तांब्याच्या बाजूनं बसवून पाहिलं. पेटी लगेच चालली. उरलेल्या चारही चिपा वाचल्या, आणखी मागवल्यावर पंचवीसच्या पंचवीस कार्डं कामाला आली. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "डोकं पाह्यजे बावा असं," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. ही युक्ती तिची, हे निदान तेव्हा तरी सांगता आलं असतं. त्यात माझं काहीच जात नव्हतं. तेही मी गिळलं. माणूस एकदा खोटं बोलला की पुढचं खोटं त्याला बोलावंही लागत नाही, गप्प बसलं की भागतं.

त्यानंतर माझा स्वभाव बदलला, असं आमच्याकडचे लोक म्हणायचे. मी कोणावर ओरडेनासा झालो. प्रत्येक ड्रॉइंगच्या चारही कोपऱ्यांत लाल शाईनं 'वरून' किंवा 'खालून' लिहायला लागलो. पोरं मागून टिंगल करायची. तिच्या जागी आलेला मुलगा कधी काही विचारायला आला, तर मी हातातलं काम टाकून त्याला उत्तर द्यायचो, आणि तो बावचळून जायचा. घरी बायकोनं एकदा विचारलं, "ती तुमची टेपवाली पोरगी दिसत नाही आता, कुठं गेली?" मी म्हणालो, सोडून गेली. तिला कामावरून काढलं, एवढंही मला म्हणवलं नाही. मालकांकडं जाऊन सांगून टाकावं, असं शेकडो वेळा ठरवलं. दर वेळी हिंगण्याच्या रस्त्यावर वसाहतीचं फाटक दिसलं की निश्चय ढिला पडायचा. सहा महिने गेल्यावर वाटलं, आता सांगून काय उपयोग. वर्ष गेल्यावर वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं ते आधी सांगावं लागेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी अनुभवलं आहे.

दोनेक वर्षांनी खाणीतल्या पेट्या तपासायला मी एसटीनं उमरेडला गेलो. काम दुपारीच आटोपलं. आज सांगायचंच, असं नागपूरहून निघतानाच ठरवून आलो होतो. वाक्यसुद्धा तयार होतं: ते उत्तर मी नंतर लिहिलं, चूक माझी होती, तुमची नव्हती. बसमध्ये ते मी इतक्यांदा म्हटलं होतं की आता जिभेवरून आपोआप निघेल अशी खात्री होती. विणकरांच्या वस्तीत विचारत विचारत घर सापडलं.

वडील ओट्यावर सूत उलगडत बसले होते. खाणीच्या पेट्यांवाला नागपूरचा, म्हटल्यावर लगबगीनं उठले. "तुम्हीच का जी सर? या, या. पोट्टी घरी आहे. चहा ठेव वं! पाह्य कोण आलं!" मला खाटेवर बसवलं आणि समोर उकिडवे बसून बोलायला लागले. मुलगी सकाळी बालवाडीत शिकवते. बरं आहे. पण एक दुखणं त्यांच्या मनात होतं.

"खाणीच्या ऑफिसात नकाशे काढाची जागा निघाली होती साहेब. घरापासून दोन कोस. मी फारम आणून ठेवला. पोट्टीनं भरलाच नाही. म्हणे, बाबा, मले ते काम नको. माझ्या डोळ्याचा मलेच भरोसा नाही. समोर लिहिलेलं बी दिसत नाही मले, म्हणे. असं कसं जी? लहानपणी मागावरचा एक चुकलेला धागा हिले दारातून दिसे."

ती चहा घेऊन आली. बारीक झाली होती, पण हसली तशीच, मोकळी. कप माझ्या हातात दिला आणि मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. तीही तयारी करून बसल्यासारखी बोलली.

"सर, तुम्ही आले ते लय बरं झालं. मले तुम्हाले भेटायचंच होतं, पण हिंमत नाही झाली. माझ्यापायी तुमच्या दोन चिपा जळल्या, पंचवीस कार्डं उलटी झाली, तुम्हाले खाणवाल्यांसमोर खाली पाहा लागलं. तुम्ही तं लिहून ठेवलं होतं. मीच आंधळी. शंका मलेच आली, अन् उत्तर पाह्यलं नाही. दोन वर्षं झाली, रोज आठवते. त्या दिवशी तुम्ही एक शब्द बी बोलले नाही मले. दुसऱ्या कोणी किती बोललं असतं!"

वडील मान हलवत होते. "मोठं मन आहे साहेबांचं," ते म्हणाले.

माझं वाक्य तयार होतं. ते तोंडात होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण समोर तो म्हातारा कौतुकानं बघत बसला होता, ती डोळ्यांत पाणी आणून उभी होती, आणि त्या घरात माझ्याबद्दल दोन वर्षं जे बोललं गेलं होतं ते सगळं मला मोडावं लागणार होतं. मी चहाचा घोट घेतला. वाक्य घोटाबरोबर खाली गेलं.

"जाऊ द्या बाई," मी म्हणालो. "होते चूक माणसाची."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग अगदी खाली आवाजात, वडिलांनाही ऐकू जाऊ नये असं, तिनं विचारलं, "सर, तुम्ही मले माफ केलं ना?"

मी हो म्हणालो.